भाकरीचं माप

"भाकरीनं दोन दिवस झाले, काही खाल्लं नाही," ही फोनवर पोरीला सांगत होती. गॅसचं सिलिंडर घेऊन दारात उभा असलेला पोरगा एकदा तिच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघून सुट्टे पैसेही न घेता निघाला. बरोबरच आहे त्याचं. सोलापुरात भाकरी माणसं खातात. भाकरी काय खाणार?

भाकरी म्हणजे आमची पाल. लेपर्ड गेको, मराठीत हवं तर बिबट्या पाल म्हणा. ज्वारीसारखं पिवळट अंग आणि तव्यावर पडावेत तसे काळे डाग, म्हणून पोरीनं हे नाव ठेवलं. पोरगी पुण्यात नोकरीला आहे. तिथल्या घरमालकिणीनं एकदा चुकून खोलीत डोकावून बघितलं, आणि पुढच्या शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसमधून उतरताना पोरीच्या एका हातात बॅग होती, दुसऱ्या हातात भोकं पाडलेला डबा. "बाबा, फक्त दोन महिने." त्याला आता दोन वर्षं होतील.

आमच्या गल्लीत तीन भाषा बोलतात. त्यामुळं बातमी तीन भाषांत फिरली. शेजारच्या तेलुगू काकू "बल्ली? बल्ली?" करत आल्या. वरच्या मजल्यावरचे अक्कलकोटकडचे कानडी काका हसून म्हणाले, "हल्ली लोक हल्लीसुद्धा पाळतात." कानडीत पालीला हल्ली म्हणतात. हा विनोद त्यांनी नंतर प्रत्येक पाहुण्याला ऐकवला.

हिनं पहिल्या दिवशी डब्याकडं बघितलंच नाही. दाते पंचांग ज्या गावातून निघतं त्या गावात पाल म्हणजे प्राणी नसतो, शकुन असतो. कुठं पडली, उजवीकडं की डावीकडं, यावर दिवस कसा जाणार ते ठरतं. माझी आजी पाल चुकचुकली की जमिनीला बोटं टेकवून "कृष्ण, कृष्ण" म्हणायची. मी हिला समजावलं की ही चुकचुकत नाही. गेको हा शब्दच मुळात मलय भाषेतला आणि पालीच्या आवाजावरून आलेला, पण आमच्या वाट्याला आलेली गेको मुकी. "मग तर आणखीच वाईट," ही म्हणाली. "कुठं आहे ते कळणार कसं?"

कुठं आहे ते कळतं, कारण तिला भिंतीवर चढताच येत नाही. हे मलाही पटायला वेळ लागला. ट्यूबलाइटमागं राहणाऱ्या आपल्या पालीच्या बोटांखाली बारीक पापुद्र्यांच्या गाद्या असतात, त्यांवर डोळ्यांना न दिसणारे लाखो केस, त्या जोरावर ती छताला उलटी लटकते. लेपर्ड गेकोच्या बोटांना नुसती नखं. ती अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. तिथं दिवसा दगडाखाली झोपायचं आणि दिवस मावळला की जमिनीवरून हिंडायचं. तिला पापण्याही आहेत. भिंतीवरची पाल डोळे मिटू शकत नाही, जिभेनं पुसते. भाकरी मिटते. दुपारी बिळात तोंड खुपसून डोळे मिटून पडलेली असते तेव्हा ती पाल न वाटता जेवून लवंडलेला एखादा म्हातारा वाटते.

तर मुद्दा मापाचा. माझं आयुष्य मापात गेलंय. चाटी गल्लीत तीस वर्षं चादरी आणि टॉवेल विकले. 60 बाय 90 ची चादर डोळे झाकून घडी घालून देईन. पण ही पाल येईपर्यंत जनावराला किती जागा लागते असा प्रश्न कधी पडला नव्हता. भाकरी आली ती फूटभर लांब आणि 8 इंच रुंद प्लास्टिकच्या डब्यात. तळाला लाल रंगाची वाळू, वरून लाल बल्ब. पुण्यातल्या एका दुकानदारानं पोरीला सांगितलं होतं, "लहान जनावर, लहान पेटी. मोठ्या जागेत बावरतात."

या बोलण्यात थोडं खरं आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. पिल्लू मोठ्या, मोकळ्या पेटीत टाकलं तर ते खरंच बावरतं, किडा शोधत बसतं, कोपरा धरतं. पण त्यात दोष मोठेपणाचा नसतो, मोकळेपणाचा असतो. लग्नाच्या रिकाम्या कार्यालयात एकट्याला झोपायला सांगा, तोही भिंतीलाच अंथरूण घालेल. त्याच जागेत दगड, खापरं, लाकडाची साल, दोनतीन बिळं मांडली की पिल्लू मजेत राहतं. दुकानदाराला लहान डबा विकायचा असतो, कारण मोठा त्याच्याकडं नसतो. आमच्याकडंही डबलबेडची चादर संपली की आम्ही सिंगल किती चांगली ते सांगायचो. तेव्हा मला त्याचा राग येत नाही, ओळख पटते.

पाळणाऱ्यांच्या जगात मापाचं गणित गॅलनमध्ये चालतं, कारण सुरुवातीला लोक माशांच्याच टाक्या वापरायचे. जुना हिशोब 10 गॅलनचा. म्हणजे 20 बाय 10 इंच, आमच्या भाषेत एक नॅपकिन. मग 20 गॅलनची लांबट टाकी आली, 30 बाय 12. आता जाणते लोक पूर्ण वाढलेल्या एका गेकोसाठी 36 बाय 18 इंच आणि 18 इंच उंची सांगतात. मी कागदावर गुणाकार केला. 200 चौरस इंचांवरून 648. तिपटीहून जास्त. गेको मात्र तेवढीच राहिली आहे, शेपटीसकट 8 ते 10 इंच. मग वाढलं काय?

ते पहिल्या एप्रिलमध्ये कळलं.

डब्यातली भाकरी अचानक खायची थांबली. पाण्याच्या झाकणात पोट टेकून बसायला लागली. एका दुपारी तोंड उघडं टाकून पडलेली दिसली. मी घाबरून मुलाच्या तापाचा थर्मामीटर शोधायला गेलो, हसू नका, घाबरलेला माणूस काहीही करतो. नंतर बाजारातून खोलीचं तापमान सांगणारं यंत्र आणलं. डब्याच्या गार बाजूला 37 अंश. गार बाजूला! बल्ब तर मी आठवड्यापूर्वीच बंद केला होता.

पुस्तकं सगळी थंड देशांतली. त्यांत पान न् पान गरम कसं ठेवायचं यावर. एका टोकाला जमीन 32 ते 35 अंश तापलेली हवी, दुसऱ्या टोकाला 24 ते 27, म्हणजे गेको स्वतः हिंडून हवी तेवढी ऊब घेते. तिचं रक्त स्वतः गरम होत नाही. पचवायला ऊब लागते म्हणून खाऊन झालं की ती गरम टोकाला जाते, आणि तापली की गार टोकाला. फूटभर डब्यात दोन टोकंच नसतात. डबा तापला की सगळाच तापतो. माप वाढलं ते एवढ्यासाठी. गेको लांब झाली नाही, पेटीत दोन हवामानं मावायला हवीत हे लोकांना उमगलं.

ते वाचताना मला आजोबांचं मंगळवेढ्याकडचं माळवदाचं घर आठवलं. दोन हात जाड मातीच्या भिंती, वर धाबं. उन्हाळ्यात म्हातारा घरातल्या घरात उन्हापुढं पळायचा. पहाटे अंगणात बाज. ऊन आलं की सोप्यात. दहा वाजता सोपा तापला की मधल्या खोलीत. बारा ते चार अगदी आत, जिथं ज्वारीची पोती रचलेली असायची आणि दिवसाही चिमणी लावावी लागायची, त्या अंधारात उघड्या अंगानं शेणानं सारवलेल्या जमिनीवर. मग उलट्या पावलांनी परत सोपा, अंगण, आणि रात्री जेवून माळवदावर. घर काही मोठं नव्हतं. पण त्याच्या पोटात पाच ऋतू होते आणि म्हाताऱ्याला त्यातला हवा तो उचलता येत होता. पुढं आम्ही शहरात स्लॅबच्या घरात आलो. चार खोल्या आणि चारही खोल्यांत एकच उन्हाळा.

म्हणजे भाकरीला माळवदाचं घर बांधून द्यायचं, एवढंच काम होतं.

काचवाल्याकडं गेलो. त्याला वाटलं मासे. "पाणी किती भरणार?" मी म्हटलं, पाणी नाही, पाल. तो म्हणाला, "काका, पाल फुकट मिळते." पण त्याच्याशी बोलताना एक गोष्ट उलगडली. चारी बाजूंनी काच म्हणजे आमच्या हवेत भट्टी. काच ऊब धरून ठेवत नाही आणि बाहेरची अडवतही नाही. मग सुतार गाठला. तीन बाजू, तळ आणि छत प्लायचं, पुढं दोन काचा पन्हळीत सरकणाऱ्या. डावीकडं खाली आणि उजवीकडं वर जाळीच्या खिडक्या, म्हणजे हवा आडवी फिरते. पुढून उघडण्याचा आणखी एक फायदा आहे. वरून हात आला की गेकोला घार आल्यासारखं वाटतं, ती दचकते, फारच घाबरली तर शेपटी टाकते. टाकलेल्या शेपटीच्या जागी नवी येते, पण ती बोंडल्यासारखी, बेढब. पुढून हात आला तर तिला तो आधी दिसतो. मापं 36, 18, 18. सुतारानं पेन्सिल कानामागं ठेवत विचारलं, "एवढी? ह्यात तर माझा धाकटा झोपंल."

तळाला वाळू नाही. किड्याबरोबर वाळू पोटात जाते, आतडं तुंबतं, हे त्या लाल वाळूनं होता होता राहिलं. मी शहाबादी फरशीचे दोन तुकडे घातले. शहाबाद इथून लांब नाही आणि सोलापूरच्या निम्म्या घरांत तीच फरशी पायाखाली. खरबरीत असल्यानं नखं झिजतात, ओल्या फडक्यानं पुसता येते, आणि दुपारी ती गार राहते ते आपण सगळ्यांनी लहानपणी तिच्यावर पोट टेकून तपासलेलंच आहे.

बिळं तीन. एक गरम टोकाला, एक गार टोकाला, आणि एक ओलसर. हा तिसरा प्रकार नीट समजून घ्यायला हवा. गेको कात टाकते आणि टाकलेली कात स्वतःच खाते. हवा फार कोरडी असली तर बोटांवर कात अडकते, आवळते, आणि पुढं बोट गळून पडतं. पेटीची एकंदर हवा कोरडी, म्हणजे आर्द्रता 30 ते 40 टक्के, पण एक कोपरा ओला, अशी तिची मागणी. मला वाटलं हे तर घरचंच काम! दुकानातला टर्किश टॉवेलचा तुकडा भिजवून बिळात घातला. पोरगी व्हिडिओ कॉलवर ओरडली. टॉवेलच्या फासांत नख अडकतं, सूत निघून बोटाला गुंडाळतं. तीस वर्षं ज्या फासांची तारीफ करून टॉवेल विकले, तेच फास नडले. शेवटी फुटक्या माठाचं बूड उपडं घातलं, त्याला दार कोरलं, आत ओलं कोकोपीट. माठ घाम गाळतो तसं हे खापरही गाळतं, त्यामुळं ओलसर बीळ मे महिन्यात पेटीतलं सगळ्यात गार बीळ झालं. हे मी ठरवून केलं नव्हतं.

पेटी मधल्या खोलीत जिन्याखाली, टेबलावर न ठेवता खालीच, कारण गारवा जमिनीलगत असतो. कूलर खोलीत, पण त्याचं तोंड पेटीकडं नाही. एप्रिल-मेमध्ये फ्रीझरमधली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून गार टोकाच्या वरच्या जाळीवर आडवी. सकाळी एक, दुपारी एक. आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि त्या मोजक्या पाण्यातल्या दोन बाटल्या पालीच्या नावानं गोठवलेल्या बघून पाहुणे काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. गरमीची चटई, म्हणजे हीटमॅट, ती संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरते त्या सुमारास रात्रीपुरती लावतो. तीही फरशीच्या तुकड्याखालून, जेमतेम तिसऱ्या हिश्शाला, आणि ठरल्या उबेला ती बंद करणारा थर्मोस्टॅट लावूनच. त्याशिवाय चटई म्हणजे पोट भाजायचं साधन. दुकानात तापणारे दगडही मिळतात. ते घेऊ नका.

पोरीची एक मैत्रीण पुण्यात क्रेस्टेड गेको पाळते. त्यांचं माप उलटं. ती झाडावरची, म्हणून पेटी उभी, 18 बाय 18 आणि उंची 24 इंच, आत फांद्या आणि वेली. ती फळांच्या तयार पावडरीची पेज चाटते, वाटी उंचावर टांगावी लागते. न्यू कॅलेडोनिया बेटांवरची ही जात नामशेष झाली असं मानत होते, 1994 मध्ये पुन्हा सापडली. दिसायला देखणी, डोळ्यांवर पापण्यांसारखी झालर. पण 28 अंशांच्या वर तिला सोसत नाही. सोलापुरात तिच्यासाठी वर्षातले निम्मे महिने एसी चालवावा लागेल, तेव्हा इथं कुणी ती विकत असेल तर हात जोडून पुढं जावं. जनावर निवडताना आधी आपलं गाव बघावं, मग आपली आवड, असं माझं स्पष्ट मत आहे.

"एकटी आहे बिचारी," ही तोवर म्हणायला लागली होती. जोडीदार आणा. मी चौकशी केली. दोन नर एकत्र म्हणजे रक्तपात. नर-मादी म्हणजे मादीला जाच आणि अंडीच अंडी. दोन माद्याही वरवर शांत दिसतात, पण एक गरम बीळ बळकावते आणि दुसरी उपाशी वाळते. त्यांना एकटेपणा टोचत नाही. मग भाकरी नर की मादी हा प्रश्न निघाला. या जातीत अंडं किती उबेत ठेवलं यावर ते ठरतं. 26 अंशांच्या आसपास बहुतेक माद्या, 32 च्या आसपास बहुतेक नर. पोरीनं काचेखालून फोटो काढून पाठवायला सांगितला. मागच्या पायांमध्ये ठिपक्यांची ठळक रांग, इंग्रजी व्ही उलटा ठेवल्यासारखी. नर. पण मराठीत पाल स्त्रीलिंगी, भाकरीही स्त्रीलिंगी. व्याकरणापुढं कुणाचं चालतं? ती तीच राहिली.

आता खाणं. इथं खरी कसोटी हिची लागली.

लेपर्ड गेको फक्त किडे खाते. फळ नाही, भाजी नाही, दूधभात नाही. (तेलुगू काकूंनी आस्थेनं दूधभात आणला होता. तो मी खाल्ला.) किडा हललाही पाहिजे, निपचित पडलेल्याकडं ती ढुंकून बघत नाही. सुरुवातीला पोरगी पुण्याहून क्रिकेट आणायची, म्हणजे पैदास केलेले रातकिडे. एकदा डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं. पाच जण फ्रिजमागं गेले आणि दहा दिवस आमच्या स्वयंपाकघरात श्रावणातली रात्र होती, भर मार्चात. शिवाय रातकिडे पेटीत रात्रभर सोडले तर तेच झोपलेल्या गेकोला कुरतडतात. पंधरा मिनिटांत खाईल तेवढेच सोडायचे, उरलेले उचलायचे.

मग मीलवर्म, म्हणजे कोंड्यात वाढणाऱ्या अळ्या. पक्ष्यांच्या दुकानात मिळतात, पण कधी असतात, कधी नसतात, म्हणून घरीच करायचं ठरवलं. तीन खणांचं प्लास्टिकचं कपाट आणलं. गिरणीतून गव्हाचा कोंडा. पाण्याऐवजी गाजराची चकती, कारण वाटीत पाणी ठेवलं तर अळ्या बुडतात आणि कोंड्याला बुरशी धरते. खालच्या खणात अळ्या, मधल्यात कोष, वरच्यात काळे भुंगेरे. भुंगेरे कोंड्यात अंडी घालतात, चक्र फिरतं. कोंडा चाळून अळ्या वेगळ्या करायला एक चाळण लागते. मी स्वयंपाकघरातली घेतली.

हे मी लपवणार होतो. पण चाळणीच्या कडेला एक अळी राहिली.

त्या दिवसाचं बोलणं मी गाळतो. बाई चाळीस वर्षं धान्यातल्या सोंड्यांशी, पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यांशी लढली. दर उन्हाळ्यात गच्चीत चादरी पसरून गहू वाळवले, कडुनिंबाचा पाला घातला, चाळलं, पाखडलं. आणि नवरा त्याच किड्यांची शेती करतो! बरं, "त्याच" हेही अगदी खोटं नाही. मीलवर्मचा भुंगेरा आणि पिठातला तांबडा भुंगेरा एकाच कुळातले, टेनेब्रिऑनिडी नावाच्या. हे मी तिला त्याच वेळी सांगितलं. सांगायची वेळ चुकली.

नवी चाळण आली, तिच्या दांड्याला लाल दोरा बांधला. अळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या तर थंडीनं सुस्तावतात, लवकर कोष करत नाहीत, आठवडेच्या आठवडे टिकतात. हा प्रस्ताव मी अजून मांडलेला नाही.

अळी तशीच देऊन भागत नाही. आदल्या दिवशी तिला चांगलं खाऊ घालायचं, गाजर, मेथीची पानं, कारण अळीच्या पोटात जे असेल ते गेकोच्या पोटात जातं. मग भजी पिठात घोळवतात तशी कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायची. किड्यांत कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त, नुसत्या किड्यांवर वाढलेल्या गेकोची हाडं मऊ होतात, पाय वाकतात, जबडा रबरासारखा होतो. घरात ऊन नाही म्हणून पावडर डी-3 जीवनसत्त्व असलेली, पण ती रोज नाही, आलटूनपालटून साधी. कानडी काका म्हणाले, "चुना लावा की, पानाला लावतो तसा." चुना भाजतो. पानाची गोष्ट वेगळी.

भांड्याचंही माप असतं. उथळ, पण कडा गुळगुळीत आणि जराशा उभ्या, म्हणजे अळी चढून बाहेर जात नाही. आमच्याकडं चिनी मातीची एक बशी होती जिचा कप फुटला होता. ती गार बाजूला ठेवली. बाटलीच्या झाकणात चिमूटभर कॅल्शियम कायम. पाण्याची वाटी जड, म्हणजे कलंडत नाही. आणि किडा केवढा? गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. हा नियम मला फार आवडला. पट्टी जनावराच्या तोंडावरच कोरलेली.

पिल्लाला रोज, मोठ्या गेकोला दोनतीन दिवसांआड सहा-आठ किडे, दिवेलागणीला. हे हिला पटेना. "घरी आलेल्या जिवाला दिवसाआड जेवण?" मी दुकानात असताना ती चिमट्यानं चोरून द्यायची. किड्यांना हात न लावणारी बाई चिमटा धरायला कधी शिकली ते मला कळलंच नाही. शेपटी फुगत गेली. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवते, शेपटी मानेएवढी जाड असली की प्रकृती उत्तम. भाकरीची मानेच्या दीडपट झाली, पुढच्या पायांच्या बगलेत फुगवटे आले. मग दोघांनी मिळून कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली, दुधाच्या करतात तशा.

मृगात दिव्याभोवती पाखरं आली की गल्लीतली पोरं मुठी भरभरून आणतात. मी घेत नाही. कुठल्या शेतातून फवारणी खाऊन आलेली असतील सांगता येत नाही. काजवा तर चुकूनसुद्धा नाही, त्याच्या अंगातलं विष पालींना मारतं.

एकदा दुकानात एक ओळखीचा माणूस आवाज खाली आणून म्हणाला, "काका, तुमची ती पाल कोटीला जाते म्हणे?" ती टोके गेको, ईशान्येकडची, निळसर अंगावर केशरी ठिपक्यांची, "टो-के" असं ओरडणारी. तिच्यापासून रोग बरे होतात या अफवेवर तिची चोरटी विक्री चालायची. 2019 मध्ये तिला साइट्सच्या, म्हणजे जंगली जिवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात घातलं. मी त्याला म्हटलं, आमची कोटीला जात नाही, आमची महिन्याला कोंडा खाते.

आणि या सगळ्यात ट्यूबलाइटमागची पाल. तिची पेटी आमचं अख्खं घर. एका टोकाला तापलेला स्लॅब, दुसऱ्या टोकाला न्हाणीघर. खाण्याची सोय म्हणजे ट्यूबलाइट, किडे स्वतः चालून येतात. रात्री कधी कधी ती पेटीच्या काचेवर बाहेरून चिकटते. आतून भाकरी मान वर करते, शेपटीचं टोक हळूहळू हलवते, मांजर हलवतं तसं. पोट आणि तोंड समोरासमोर, मध्ये चार मिलिमीटर काच. काय चाललेलं असतं कोण जाणे. ही शेपटी भक्ष्य दिसल्यावर हलते की शत्रू दिसल्यावर, यावर पोरगी आणि मी फोनवर अर्धा तास वाद घातलाय.

गेल्या दिवाळीत पोरीनं जागा बदलली. नवी मालकीण म्हणे जनावरांना हरकत घेत नाही. पोरगी टेप घेऊन जिन्याखाली बसली. पेटी तीन फूट, तिची खोली दहा बाय दहा, त्यात पलंग, टेबल, कपाट. पुण्याच्या पावसाळ्यात ओल, आणि ती सकाळी आठला निघून रात्री नऊला येणारी. तिनं टेप दोनदा ओढला, दोनदा गुंडाळला.

"लहान पेटी करून घेऊ का, बाबा? तात्पुरती?"

मी काही बोललो नाही. उत्तर स्वयंपाकघरातून आलं, "तिथं तिला बाटल्या कोण गोठवून देणार?"

पोरगी परत गेली, डब्यात शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या घेऊन. जी भाकरी न्यायला आली होती ती जिन्याखालीच.

परवा ही परातीत पीठ चाळत होती. अचानक हाक आली, "अहो, इकडं या, लवकर." मला वाटलं माझी चाळण पुन्हा तिकडं गेली. जाऊन बघतो तर तिनं चिमटीत एक तांबडा भुंगेरा धरलेला, हळूच, चिरडू नये अशा बेतानं.

"हे चालतं का तिला?"

मी चष्मा लावून बघितला. भाकरीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरात असले तीन मावले असते.